म्हशीच्या दुधातले अफ्लाटॉक्सिन एम१ एलायझाने मोजताना : कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेतल्या नोंदी

६ मे
काम ठरले. कोल्हापूर शहराच्या आसपासच्या गोठ्यांतून दूध आणायचे आणि त्यात अफ्लाटॉक्सिन एम१ किती आहे ते एलायझाने, म्हणजे अँटिबॉडीच्या (ठरावीक रेणूला धरणाऱ्या प्रथिनाच्या) किटने मोजायचे. जनावराने बुरशी लागलेली पेंड खाल्ली की त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन बी१, यकृतात बदलून एम१ होते आणि दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही, पाश्चराइज करूनही जात नाही. आपल्याकडची मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो, म्हणजे ५०० नॅनोग्रॅम. युरोपात हीच मर्यादा ५० नॅनोग्रॅम आहे. पुढचे सगळे आकडे नॅनोग्रॅममध्ये, लिटरमागे. किलो आणि लिटरमधला फरक दुधात ३ टक्क्यांचा, तो सोडून दिला आहे.

किट ९६ वेल्सचे (छोट्या खळग्यांचे), ८ वेल्सच्या १२ सुट्या पट्ट्या. बर्फातल्या वाहतुकीसह ४० हजारांच्या घरात गेले. घेण्याआधी हा हिशोब करा: स्टँडर्ड, म्हणजे एम१ चे प्रमाण माहीत असलेले द्रव, ६, प्रत्येक दोन वेल्समध्ये, म्हणजे १२ वेल्स त्यातच गेले. उरलेल्या ८४ मध्ये ४२ नमुने. सगळे एकदम लावले तर नमुन्यामागे साडेनऊशे रुपये. चार-चार पट्ट्या तीनदा लावल्या तर स्टँडर्ड दर वेळी जागा खातात, नमुने ३० च होतात आणि खर्च तेराशेच्या वर जातो. शिकण्यासाठी पट्ट्या तोडाव्याच लागतात. तेव्हा पहिले किट शिकण्यातच जाणार हे धरून दोन किटचे पैसे मागा. आम्ही एकाचेच मागितले होते, दुसऱ्यासाठी विभागात पुन्हा अर्ज करावा लागला.

हे किट स्पर्धेच्या तत्त्वावर चालते. एम१ चा रेणू फार लहान, त्याला एकाच वेळी दोन अँटिबॉडी धरू शकत नाहीत, त्यामुळे सँडविच पद्धत इथे चालत नाही. वेलच्या तळाला अँटिबॉडी बसवलेली असते. दुधातले एम१ आणि किटमधले, रंग आणणारे एन्झाइम जोडलेले एम१ तिच्यावरच्या जागेसाठी भांडतात. दुधात एम१ जास्त, तर एन्झाइमला जागा कमी, तर रंग कमी. रंग कमी म्हणजे विष जास्त. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून रीडरवर, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्रावर, चिकटवले आहे. पुढच्या बहुतेक अडचणींची मुळे या एका वाक्यात निघाली.

१४ मे
पहिल्या पट्ट्या फक्त स्टँडर्डच्या. दूध नाही, काही नाही. शून्य स्टँडर्डला रंग सगळ्यात गडद यायला हवा, ४५० नॅनोमीटरला ओडी (रंगाच्या गडदपणाचा आकडा) १ च्या वर. आला ०.३. वाढत्या स्टँडर्डचा उतार होता, पण सगळेच फिके.

किट खराब आले असे आधी वाटले. विक्रेत्याला पत्र लिहायला घेतले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आधी धुण्याचं पाणी बघा." धुण्यासाठी किटमधला बफर वाचवून आम्ही कपाटातली तयार पीबीएसची (मिठाच्या बफरची) बाटली वापरली होती. बाटलीवर तारीख होती, घटक नव्हते. ती दुसऱ्या प्रयोगासाठी केलेली आणि टिकावी म्हणून तिच्यात सोडियम अझाइड घातलेले. अझाइड हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजला मारते, आणि आमच्या किटचा रंग त्याच एन्झाइमवर चालतो. शेवटच्या धुण्यानंतर वेलमध्ये राहिलेला थेंबभर बफर पुरेसा ठरला.

ताजा पीबीएस, ०.०५ टक्के ट्वीन-२०, अझाइड नाही. त्याच संध्याकाळी दोन पट्ट्या लावल्या, शून्याला १.६ आला. आता एलायझाच्या बफरच्या बाटल्यांना लाल टोपण, आणि त्या टोपणाच्या बाटलीत टिकाऊपणासाठी काहीही घालायचे नाही. दूध आणायला जाल तेव्हाही हे विचारा. काही ठिकाणी नमुना टिकवायला अझाइडची गोळी टाकतात. तसा नमुना या किटवर आणू नका, चांगले दूध विषारी दिसेल.

१७ मे
टीएमबी हा रंग देणारा द्रव पसरट ट्रेमध्ये ओतताच निळा पडला. वेलपर्यंत पोचलाच नव्हता. एम१ चे स्टँडर्ड सांडले तर नष्ट व्हावे म्हणून काचा आणि ट्रे हायपोक्लोराइटमध्ये रात्रभर ठेवायचा आमचा नियम आहे. तो ट्रे नळाखाली घाईने खंगाळलेला होता. हायपोक्लोराइटचा अंशही टीएमबीला निळा करतो.

नियम सोडायचा नाही, कारण अफ्लाटॉक्सिन कर्करोगकारक आहे आणि स्टँडर्ड हाताळताना हातमोजे, गडद काचेची बाटली आणि हायपोक्लोराइट हवेतच. ट्रे मात्र वेगळे केले. टीएमबीचा ट्रे हायपोक्लोराइटच्या बादलीत कधीच जात नाही, आणि ट्रेमध्ये उरलेला टीएमबी परत बाटलीत ओतायचा नाही. ओतला तर पुढच्या वेळी सगळी बाटली जाते.

२२ मे
दुपारी खोलीत ३४ अंश. किटच्या कागदावर २० ते २५ लिहिलेले. त्यात चारच्या सुमाराला वळीव आला, विजा, आणि ऐन टीएमबीच्या वेळी लाइट गेली. रंग थांबवायला सल्फ्युरिक अॅसिड घातले, निळ्याचा पिवळा झाला, पण रीडर बंद. लाइट येईपर्यंत पाऊण तास गेला आणि वाचन अर्ध्या तासाच्या आत घ्यायचे असते. त्या दिवसाच्या पट्ट्या फुकट.

रीडरला जुन्या संगणकाचा यूपीएस जोडला, बॅटरी नवी टाकली. ज्यांच्याकडे हे नाही त्यांनी मे महिन्यात सकाळी सातला सुरुवात करावी. वळीव दुपारनंतर येतो आणि सकाळी खोलीही २६-२७ वर असते. आम्ही आता तेच करतो.

गरमीचा दुसरा त्रास कडेच्या वेल्सचा. कडेचे वेल्स मधल्यांपेक्षा आधी तापतात, त्यात रंग जास्त येतो, आणि तोच नमुना कडेला लावला तर विष कमी दिसते. प्लेट थर्मोकोलच्या डब्यात झाकून, खाली जाड अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवून उबवली तेव्हा कड आणि मध्य यांतला फरक १८ टक्क्यांवरून ५ वर आला. पत्रा उद्यमनगरातून कापून आणला, भंगाराच्या भावात. फ्रीजमधून काढलेले सगळे द्रव दोन तास बाहेर ठेवल्याशिवाय सुरुवात नाही.

३० मे
शेवटच्या ओळीत, म्हणजे एच मध्ये, नेहमी रंग कमी. नमुना कुठलाही असो. आठ तोंडांच्या पिपेटने प्रत्येक तोंडातून १०० मायक्रोलिटर पाणी काढून तराजूवर वजन केले. ०.१ ग्रॅम यायला हवे. सात तोंडे बरोबर, आठव्यातून ०.०९१. एन्झाइम कमी पडत होते, रंग कमी, म्हणजे पुन्हा विष जास्त. आतले रबरी कडे सुकले होते. बदलले, वंगण लावले, ०.०९९ आले. पिपेट दुरुस्तीला पुण्याला पाठवायची गरज पडली नाही. तराजूची ही तपासणी आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी.

६ जून
पहिले दूध. गाईचे आणि म्हशीचे, दोन्ही विभागातल्या लोकांच्या घरचे. गाईचे आकडे कमी. म्हशीचे सगळेच्या सगळे जास्त, कुठलाही अपवाद नाही. एका घरची म्हैस हिरव्या वैरणीवर आणि स्वच्छ मक्याच्या चुणीवर, तिच्याही दुधात १८० आले.

इथे थांबलो. कोल्हापुरात म्हशीच्या दुधावर माणसांचे पोट आणि अभिमान दोन्ही आहेत. लोक दूध कट्ट्यावर उभे राहून डोळ्यांदेखत धार काढून घेतात ते त्या दुधावर विश्वास आहे म्हणून. यात विष आहे असे म्हणायचे तर आकडा दुधाचा आहे की आपल्या पद्धतीचा, हे आधी कळले पाहिजे. चर्चेत हे आकडे कोणाला सांगायचे नाहीत असे ठरले, आणि विद्यार्थ्यांनी ते पाळले.

कळायचा मार्ग सोपा आहे. तोच नमुना बफरने दुप्पट, चौपट, आठपट पातळ करायचा आणि आलेल्या आकड्याला तितक्याने गुणायचे. विष खरे असेल तर उत्तर तेच राहते. त्या १८० वाल्या दुधाचे दुपटीला ११० झाले, चौपटीला ६० च्या आसपास, आठपटीला सगळ्यात खालच्या स्टँडर्डच्याही खाली. उत्तर पळाले. त्या दुधात विष नव्हते, दुधातले काहीतरी अँटिबॉडीला अडवत होते.

१२ जून
संशय फॅटवर. गाईच्या दुधात चारच्या आसपास फॅट, म्हशीच्या सहा-सातच्या पुढे. किटच्या कागदावर "३५०० जी ला १० मिनिटे, १० अंशावर फिरवा, साय काढा" एवढेच आहे. आमच्या सेंट्रिफ्यूजला थंड करायची सोय नाही. आत ३० अंश, त्यामुळे साय घट्ट होत नाही, वर लोण्यासारखी पसरते आणि पिपेट आत घालताना टोकाला लागून खाली येते.

जमलेली पद्धत अशी: दूध रात्रभर ४ अंशावर. सेंट्रिफ्यूजच्या बादल्याही रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी लगेच फिरवायचे. मग सायीत वरून पिपेट घालायची नाही. नळी किंचित तिरकी धरून लांब सुईच्या सिरिंजने सायीखालून मधले दूध ओढायचे, आणि सुईचे टोक बाहेरून पुसून मगच दुसऱ्या नळीत सोडायचे. पोरींच्या हाताला हे माझ्यापेक्षा चांगले बसले. एका नळीला दोन मिनिटे लागतात, घाई करून फायदा नाही.

१८० चे ७५ झाले. सुधारले, पण संपले नाही.

१८ जून
आज सुटले. आमच्या किटची स्टँडर्ड ०, १०, २५, ५०, १०० आणि २५०. किट युरोपच्या ५० च्या मर्यादेसाठी बेतलेले, म्हणून ते दूध पातळ न करता घालायला सांगते. आपली मर्यादा ५००. पातळ न करता ५०० वक्राच्या, म्हणजे स्टँडर्डच्या रंगांवरून काढलेल्या आलेखाच्या, बाहेरच जाते. दहापट पातळ केले तर ५०० चे ५० होतात, वक्राच्या बरोबर मध्यात, जिथे रंगातला फरक सगळ्यात स्पष्ट असतो. आणि दहापट पातळ म्हणजे फॅट आणि केसीन हे दुधातले प्रथिनही दहापट कमी.

पडताळा असा घेतला. हिरव्या वैरणीवरच्या त्याच म्हशीच्या दुधात आम्ही स्वतः मोजून एम१ मिसळले, एका भागात २०० आणि दुसऱ्यात ५००, आणि परत किती सापडते ते पाहिले. नुसते दूध घातले तेव्हा २०० च्या जागी आकडा २५० च्याही वर, वक्राच्या बाहेर गेला. साय काढूनही बाहेरच. साय काढून आणि दहापट पातळ करून १९०. ५०० चे त्याच पद्धतीने ४८०. ८० ते ११० टक्के सापडले की आम्ही पद्धत धरतो, हे ९५ आणि ९६ आहेत.

किंमतही मोजली पाहिजे. आता १०० च्या खालचे काही आम्ही सांगू शकत नाही, कारण खालचे स्टँडर्ड १० आणि त्याला दहाने गुणले की १००. म्हणून अहवालात "१०० पेक्षा कमी" एवढेच लिहायचे, "नाही" लिहायचे नाही. युरोपला दूध पावडर पाठवणाऱ्याला ही पद्धत चालणार नाही. आमच्या प्रश्नाला चालते.

दुधाची पावडर वापरून वेल्स ब्लॉक करायची (तळाच्या रिकाम्या जागा झाकायची) सवय ज्यांना आहे त्यांच्यासाठी: एम१ मोजायचे असेल तर ती वापरू नका. पावडर दुधाचीच, तिच्यातही एम१ असू शकते. बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) वापरा.

२७ जून
आजवरचे बहुतेक दोष रंग कमी करणारे होते. ते घाबरवतात, म्हणून आपण पुन्हा तपासतो. आज उलटा सापडला आणि तो जास्त धोक्याचा आहे. ५०० मिसळलेले दूध ३१० दिसले. मर्यादेवरचे दूध बिनधास्त पास झाले असते.

कारण धुणे. हाताने धुताना प्लेट टिपकागदावर नीट आपटली नाही तर न चिकटलेले एन्झाइम तळाशी राहते, रंग जास्त येतो, विष कमी दिसते. वेलमध्ये बुडबुडा अडकला तर तिथवर बफर पोचतच नाही. आता प्रत्येक वेल काठोकाठ भरायचा, बुडबुडा दिसला तर सुईने फोडायचा, उलटून जाड टिपकागदाच्या घडीवर जोरात आपटायचे, आणि दर वेळी कागदाची कोरडी जागा. दोन वेल्समधला फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर तो नमुना पुन्हा. आणि प्रत्येक प्लेटवर आमचे स्वतःचे ५०० मिसळलेले दूध, किटच्या स्टँडर्डच्या जोडीला. ते ४०० ते ५५० च्या बाहेर गेले की सगळी प्लेट रद्द, बाकीचे आकडे कितीही सुंदर दिसोत. दोन वेल्स जातात, पण तेवढ्याच भरवशावर दुसऱ्याच्या दुधाबद्दल बोलता येते.

९ जुलै
नमुने आणायला सुरुवात. पाऊस लागला आहे. सकाळची धार, ५० मिलिलिटर, बर्फाच्या डब्यात, चार तासांत फ्रीजमध्ये. वहीत गोठा, जनावर, पेंड कोणती, किती आणि पोती कुठे ठेवली ते लिहायचे. शेवटचे दोन रकाने आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी सुचवले. त्यांच्या घरी चार म्हशी आहेत.

१७ जुलै
नव्या किटची प्लेट, काही पट्ट्या राखून. ५०० वाले दूध ४७०, प्लेट चांगली. नमुन्यांत बहुतेक १०० च्या खाली, काही १०० ते २५० मध्ये. एक ६१०.

तोच नमुना वीसपट पातळ करून राखलेल्या पट्टीवर: ५९०. उत्तर पळाले नाही. उरलेले दूध बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एचपीएलसीसाठी (घटक वेगळे करून मोजायच्या पद्धतीसाठी) पाठवले, काही हजार गेले. एलायझाच्या एका आकड्यावर कोणाचे दूध वाईट ठरवायचे नाही, हे आधीच ठरले होते.

२३ जुलै
बाहेरचा अहवाल: ५६०. अँटिबॉडी जवळच्या नातलग रेणूंनाही थोडी धरते, त्यामुळे आमचा आकडा किंचित वर असणे समजण्यासारखे आहे.

मामांना घेऊन त्या ६१० वाल्या गोठ्यावर गेलो. घरचे आजोबा म्हशीला आंबोण देत होते. सरकी पेंडेची पोती भिंतीला लागून, भिंतीला ओल. मामांनी पोत्यात हात घालून मूठ बाहेर काढली, गोळा झालेला आणि आत हिरवट.

"आबा, ही पेंड किती दिस झाली?"

"पाऊस लागायच्या आधीची हाय. जरा भिजलीया, पर म्हस खातीया की. दोन हजाराचं पोतं, टाकून द्यायचं व्हय?"

मी आकडा सांगितला. त्यांनी पहिला प्रश्न केला तो नातवंडांचा. घरचेच दूध पितात. दूध उकळून चालेल का, म्हणाले. नाही चालत, हे सांगताना मला बरे वाटले नाही, पण सांगितले. पेंड थांबवली की काही दिवसांत दूध सुधारते हेही सांगितले. तिथल्या तिथे सुनेने पोती गोठ्याबाहेर काढली. दूध काही दिवस घरात आणि दूध संस्थेत द्यायचे नाही असे त्यांनीच ठरवले. मामांनी आपल्या घरची दोन पाट्या पेंड संध्याकाळी पोचवली.

२ ऑगस्ट
पेंड बदलल्यापासून रोज सकाळचे दूध उणे २० ला गोठवून ठेवले होते, आज सगळे एकाच प्लेटवर लावले. वेगवेगळ्या दिवशी लावले तर प्लेटचा फरक आणि दुधाचा फरक एकमेकांत मिसळतो. वितळवताना ३७ अंशाच्या पाण्यात, सगळी साय पुन्हा मिसळेपर्यंत हलवून, मग थंड करून फिरवायचे. अर्धवट वितळलेल्या दुधाचा वरचा भाग घेतला तर सगळे चुकते.

पेंड बंद केली त्या दिवशी ५८०. दुसऱ्या सकाळी ३५०. तिसऱ्या १६०. चौथ्या दिवसापासून १०० च्या खाली. फोनवर कळवले. सूनबाईंनी विचारले, "आता पोरांना दिऊ न्हवं?" द्या म्हणालो.

५ ऑगस्ट
पुढचे काम पेंडेचे. गाईंवरच्या अभ्यासांत खाल्लेल्या बी१ पैकी साधारण १ ते ३ टक्के एम१ होऊन दुधात येते. म्हशीलाही तेच धरले: दिवसाला ८ लिटर दूध, ६०० प्रमाणे ४.८ मायक्रोग्रॅम एम१. म्हणजे खाण्यात १६० ते ४८० मायक्रोग्रॅम बी१. ती ४ किलो पेंड खात होती, तेव्हा किलोमागे ४० ते १२०. पशुखाद्याची भारतीय मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम. सौम्य बाजूने धरले तरी दुप्पट.

बी१ चे किट वेगळे, मागवले आहे. पेंड दळून ७० टक्के मिथेनॉलमध्ये हलवायची, गाळायची, मग बफरने इतकी पातळ करायची की मिथेनॉल १० टक्क्यांच्या खाली येईल. मिथेनॉलही अँटिबॉडीला अडवते, रंग कमी होतो, आणि पुन्हा तेच. स्टँडर्डही तेवढ्याच मिथेनॉलमध्ये करणार.

खरा प्रश्न पोत्याचा आहे. बुरशी पोत्यात सगळीकडे सारखी नसते. एका मुठीत भरपूर आणि शेजारच्या मुठीत काहीच नाही असे होते, आणि एका मुठीवरून पोते मोजणे म्हणजे काहीच न मोजणे. वर, मध्ये, तळाला, भिंतीच्या बाजूने आणि आतून, अशी मिळून दोन किलो काढायची, सगळी एकत्र दळायची आणि त्यातून ५० ग्रॅम घ्यायची. प्रयोगशाळेच्या मिक्सरमध्ये दोन किलो मावत नाही. मामांच्या गल्लीतल्या गिरणीत दळता येईल, पण तिथे माणसांचे पीठ निघते, त्यामुळे तिथे ही पेंड न्यायची नाही. पशुखाद्याची जुनी चक्की कोणाकडे पडून असेल तर विकत घ्यायला आम्ही तयार आहोत, कागलच्या बाजूला एक आहे असे कळले आहे, शनिवारी बघायला जातो.